मधलं घर

मोलगीच्या बाजारात लोक एकमेकांच्या फोनमधून गाणी घेत बसायचे, ते बघताना आमच्या धंद्याची कल्पना सुचली. कल्पना माझी नव्हती, मैत्रिणीची होती.

लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून घरी आले. तिथे एका नेटवर्कच्या कंपनीत होते. म्हसावदजवळच्या आमच्या गावात वडिलांची केळी आणि कापूस, आणि घराच्या मागच्या खोलीत माझं टेबल. सगळं सुरळीत झाल्यावर कंपनीने परत बोलावलं, पण मी गेले नाही. आईचे गुडघे दुखतात म्हणून थांबले, असं लोकांना सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण पुण्यातली भाड्याची खोली आठवली की माझा जीव घुसमटायचा, हे जास्त खरं होतं.

मैत्रीण धुळ्याच्या होस्टेलमधली. डिप्लोमाला आम्ही एकाच खोलीत राहायचो. ती मोलगीच्याही पलीकडची, सातपुड्याच्या आतल्या एका पाड्यावरची. घरी ती भिली बोलायची, आमच्या घरी गुजरी आणि अहिराणी. त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींशी शाळेतली मराठी बोलायचो आणि ती दोघींनाही थोडी परकीच होती. डिप्लोमानंतर मी पुण्याला गेले, ती डोंगरात परतली. एका ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम केलं, कंत्राट संपलं, मग मोलगीत रस्त्याला लागून टेबल टाकून ती मोबाइल दुरुस्त करायला लागली.

मी तिला भेटायला गेले तो बाजाराचा दिवस होता. पाड्यापाड्यांतून चालत आणि जीपला लटकून आलेली माणसं सावली बघून बसली होती. दोघे-तिघे डोक्याला डोकं लावून फोन जवळ धरायचे, एकाचं गाणं दुसऱ्याकडे जायचं, की तो उठून तिसऱ्याजवळ जाऊन बसायचा.

"इथे रेंज आहे, तरी असं का करतात?" मी विचारलं.

"रेंज इथेच आहे. घरी गेल्यावर काय? पाड्यावर फोन म्हणजे टॉर्च आणि गाणी. म्हणून एकदा घेऊन जातात, मग तिकडे घरोघर वाटतात. एक गाणं इथून निघालं ना, की आठवड्यात नर्मदेपर्यंत पोचतं." मग हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून ती म्हणाली, "गाणं जातं, तर निरोप का नाही जाणार?"

मी ज्या कंपनीत होते तिथे हेच काम वेगळ्या नावाने, एअर कंडिशनमध्ये बसून, मोठ्या गिऱ्हाइकांसाठी चाललं होतं. आपला नेहमीचा निरोप आधी टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि तिथून परत फिरून शेजारच्याच माणसाकडे येतो. टॉवर नसेल तर काहीच नाही. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे, त्याने पुढच्याकडे, असं देत गेलं तर मध्ये कोणी मालक लागत नाही. प्रत्येक घर घेणारंही आणि पुढे देणारंही. पुण्यात आम्ही याची चित्रं फळ्यावर काढायचो. इथे माणसं ते बाजारात बसून करत होती.

आम्ही डबी केली. सगळे तिला डबीच म्हणायला लागले. जेवणाच्या डब्याएवढी, छपरावर सोलरची छोटी प्लेट. पाड्यावरचा फोन डबीशी बोलायचा, डबी समोरच्या डोंगरावरच्या डबीशी, आणि असं करत करत निरोप मोलगीला यायचा, किंवा मोलगीहून आत जायचा. पुढची डबी सापडली नाही तर निरोप तिथेच थांबून राहायचा, सापडेपर्यंत. लिहायचं काही नव्हतं. घरच्या भाषेत कोणी लिहीत नाही, म्हणून निरोप आवाजाचा. बटणावर माणसाच्या तोंडाचं चित्र. दाबायचं आणि बोलायचं.

डब्या लावायला ती छपरांवर चढायची आणि मी खाली उभी राहून लॅपटॉप बघायची. डोंगराच्या एका सोंडेवर एक घर होतं, तिथून दोन्ही बाजूंच्या दऱ्या दिसायच्या आणि लांबवर थेट मोलगीही. त्या घरची बाई माझ्या मैत्रिणीच्या नात्यातली, ती तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. वहिनींच्या छपरावरची डबी लागली आणि पलीकडचे सगळे पाडे एकदम जोडले गेले. मैत्रिणीचा पाडा त्यातला शेवटचा. तिथे तिची आई एकटी राहायची.

आईला फोन मैत्रिणीनेच दिला होता. पहिल्या दिवशी आईने चित्रावर बोट दाबलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की निरोपात नुसती खरखर आली. मैत्रीण मोलगीतल्या तिच्या खोलीत हसून लोळली. मग आईला सवय झाली. रोज संध्याकाळी तिचा निरोप यायचा. काय रांधलं, कोणाची शेळी कोणाच्या शेतात गेली, पाणी आणताना कोण भेटलं. मी तिथे असले तर मैत्रीण मला अर्थ सांगायची. आई मला "खालची" म्हणायची, सपाटीवरची या अर्थाने. "खालचीला भाकरी जमते का विचार," असा एक निरोप माझ्यासाठी होता.

धंदा म्हणून आमचा हिशोब साधा होता. पाड्यांना निरोप फुकट. पैसे द्यायचे ते जीपवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी. कुठल्या पाड्यावर किती सवारी थांबली आहे हे जीपवाल्याला आधी कळलं तर त्याची खेप वाया जात नाही. डोंगरात बायका कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. कोणाकडे किती तयार आहे हे व्यापाऱ्याला कळलं तर त्याचं काम सोपं होतं. पहिल्या उन्हाळ्यात जीपवाले आले, व्यापारी आले. मी वडिलांना घेऊन मोलगीला गेले आणि आमचं टेबल दाखवलं. वडील बराच वेळ डबी हातात फिरवत राहिले.

"पोरी, हाई टपाल शे का फोन शे?"

"दोन्ही शे," मी म्हटलं.

"मंग टपालवाला कोन शे?"

"बठा लोकच," मी म्हटलं, म्हणजे सगळेच. वडिलांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही, पण गावात परतल्यावर ते लोकांना सांगत होते की आपल्या पोरीने डोंगरात फोन नेला.

पहिलं मोठं गिऱ्हाईक तुटलं ते आमचूरच्या व्यापाऱ्याचं. तो स्वतः टेबलाशी आला. माणूस वाईट नव्हता, आमच्यासाठी चहा सांगितला आणि मग बोलला.

"बेन, तुन्हं मशीन चांगलं शे. पन मन्हासाठे नही. पहिले बाई टोपली लईसन ये, भाव आयके नी माल दी जाये. आते घरथूनच इचारीसन येस, बाजूना दुकानमा काय भाव शे."

तो गेल्यावर मैत्रीण खूश होती. बायका भाव विचारून खाली उतरायला लागल्या होत्या, हेच तर तिला हवं होतं. मीही खूश होते, पण वापरणाऱ्याचं भलं होतं तिथे पैसे देणाऱ्याचं नुकसान होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. बायकांकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं.

त्या पावसाळ्यात आम्ही नाशिकला गेलो. नवीन धंद्यांत पैसे घालणाऱ्या एका गृहस्थांनी बोलावलं होतं. मी नकाशा दाखवला, डबी दाखवली. एक डबी बंद पडली तर निरोप दुसरी वाट शोधतो, हे रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मध्ये कोणीच नाही, हे तुमचं बळ आहे म्हणता," ते म्हणाले. "मग तुम्ही कुठे आहात? ज्याला धंदा करायचा असतो तो मध्ये उभा असतो. तुम्ही तर मधली जागाच काढून टाकली."

"आम्ही पाड्यावर आहोत," मैत्रीण म्हणाली.

ते हसले, चांगलं हसले. मग त्यांनी विचारलं, "एक घर बंद पडलं तर दुसरी वाट. आणि सगळी घरं एकदम बंद झाली तर?"

मी म्हटलं, तसं होत नसतं. मैत्रीण समोरच्या नकाशाकडे बघत राहिली. त्यांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं, आणि कळवलं नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "होतं तसं. दिवाळीनंतर होतं."

मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या गावातूनही ट्रक जाताना मी लहानपणापासून बघत आले आहे. ट्रकच्या टपापर्यंत माणसं, भांडी, कोंबड्या. पण मी ते रस्त्याच्या कडेने बघितलेलं. ती त्या ट्रकमध्ये बसलेली. आश्रमशाळेत जाईपर्यंत दरवर्षी ती आईवडिलांबरोबर गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जायची, उसाच्या पाचटाच्या खोपटात राहायची. वडील तिकडेच वारले, एका मोसमात. त्यानंतर आईने जाणं सोडलं.

"मग आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं आणलं तर दोन-चार घरं थांबतील." मग म्हणाली, "वेड्यासारखं वाटलं मला."

दिवाळी झाली. मुकादमाची माणसं आली, मोलगीत ट्रक लागले. घरं बंद व्हायला लागली. माझ्या मागच्या खोलीतल्या स्क्रीनवर प्रत्येक डबीचा एक हिरवा ठिपका होता. सकाळी चहा घेऊन बसलं की आदल्या दिवशीचे काही ठिपके करडे झालेले असायचे. माणसं प्लेट आणि डबी काढून घरात ठेवत होती. आदल्या वर्षी कोणाची तरी सोलर प्लेट चोरीला गेली होती.

वहिनी जाताना मुद्दाम मोलगीच्या टेबलाशी आल्या. नवऱ्याने मुकादमाला शब्द दिला होता. त्यांनी विचारलं, डबी छपरावरच राहू देऊ का? मैत्रिणीने क्षणभर विचार केला असेल. ती म्हणाली, "नको, आत ठेव. गेली तर परत कुठून आणायची?" मी तिथेच होते. मलाही ते बरोबरच वाटलं.

सोंडेवरचा ठिपका गेला आणि पलीकडचे पाडे तुटले. दुसरी वाट म्हणजे जीपवाल्यांचे फोन; ते आत-बाहेर करताना निरोप आपल्याबरोबर घेऊन यायचे. पण सवारीच नाही म्हटल्यावर जीप आत जायच्या बंद झाल्या. मैत्रिणीच्या फोनवर आईचा संध्याकाळचा निरोप येईना. ती रविवारी चालत घरी जाऊन यायची; तिकडे रेंज नाही म्हणून फोन नेहमी मोलगीतच ठेवून जायची. मधल्या दिवसांत आवाज येणार नाही हे दोघींना माहीत होतं, आईलाही तिने समजावून सांगितलं होतं. म्हणून निरोप नाही याची कोणाला काळजी वाटली नाही. तो नसणारच होता.

थंडी कडक होती. एका सकाळी तिचा काका पाड्यावरून चालत मोलगीला आला. टेबलाशी येऊन उभा राहिला. तिने मला फोन केला तेव्हा आवाज अगदी सरळ होता. "आई गेली," म्हणाली. "मी निघते आहे. तू ये." मी स्कूटरने मोलगीपर्यंत, तिथून जीपचं भाडं भरून रस्ता होता तिथपर्यंत आणि पुढे चालत गेले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, बाकी पाडा रिकामा. घरांच्या दारांना काट्यांच्या फांद्या लावलेल्या. छातीचं दुखणं होतं, दोन-तीन दिवस ताप होता, शेजारच्या म्हातारीने काढा दिला होता, एवढंच कळलं.

मैत्रीण रडली नाही, म्हणजे माझ्यासमोर रडली नाही. आईचा फोन तिने चुलीजवळच्या कोनाड्यातून काढला, बंद केला आणि पिशवीत ठेवला. पुढचे दोन महिने ती रोज टेबलाशी बसली. माझ्या स्क्रीनवर मोलगीचा एक ठिपका आणि त्याच्या आसपासचे थोडे, एवढंच उरलं होतं.

होळीला सातपुड्यातली माणसं कुठूनही परत येतात. ट्रक भरून गेले होते तसे भरून आले. ढोल वाजायला लागले. मैत्रिणीने मला बोलावलं, आपण जाऊन डब्या परत लावू म्हणाली. मला बरं वाटलं. पहिल्यांदा आम्ही वहिनींकडे गेलो, कारण ती डबी लागल्याशिवाय पुढचं काही लागत नाही.

आई गेली म्हणून वहिनी मैत्रिणीला आधीच भेटून आल्या होत्या. अंगणात त्यांनी तिला परत एकदा जवळ घेतलं. मग घरातून डबी आणली, फडक्यात नीट गुंडाळलेली. त्यांचा नवरा छपरावर चढला. प्लेट उन्हात आली. आम्ही खाटेवर बसलो, वहिनींनी काळा चहा दिला.

डबीचा दिवा लागला. थोड्या वेळाने मैत्रिणीचा फोन वाजला. मग परत वाजला. आणि वाजतच राहिला.

आईच्या पाड्यावर, काढा देणारी ती शेजारची म्हातारी कुठे गेली नव्हती, तिच्या छपरावर राहिलेल्या डबीत ते सगळे थांबून होते. मैत्रिणीने समजावूनही आई रोज संध्याकाळी बोलतच होती. निरोप पोचत नाही हे तिला माहीत होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं बोलायला, म्हणून बोलत असेल, किंवा कधीतरी पोचेल म्हणून. स्क्रीनवर एकाखाली एक तोंडाची चित्रं उतरत गेली. मैत्रीण हातातला फोन असा धरून होती जसं कोणीतरी तिच्या हातात गरम काही दिलं आहे आणि खाली ठेवायला जागा नाही.

तिने शेवटचा निरोप लावला.

मला भिली येत नाही. मला एक म्हातारा, दमलेला आवाज ऐकू आला, मध्ये खोकला, मध्ये बराच वेळ नुसता श्वास. मैत्रिणीचं नाव दोनदा आलं. वहिनी उभ्या होत्या त्या ऐकता ऐकता खाली बसल्या, मातीत. त्यांचा नवरा छपरावरून उतरायचा थांबला.

निरोप संपला. मैत्रीण म्हणाली, मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "छाती भरून आली आहे. सकाळी ये, म्हणाली."

मग वहिनी बोलायला लागल्या, भिलीत, भराभर, डबीकडे हात करत. मैत्रिणीने त्यांचे दोन्ही हात धरले. "मीच सांगितलं होतं आत ठेवायला," हे ती परत परत सांगत असावी, कारण वहिनी परत परत मान हलवून नाही म्हणत होत्या. दोघींमध्ये जणू भांडण चाललं होतं आणि दोघींनाही दोष आपल्याकडेच हवा होता.

प्रत्येक पाड्यावरच्या बैठकीत आम्ही सांगितलं होतं की या जाळ्यात प्रत्येक घर महत्त्वाचं आहे. ते ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा तो मी विसरणार नाही. कारण एरवी त्यांना असं कोणी सांगत नाही. टॉवर बंद पडला तर माणूस कंपनीला शिव्या देतो आणि मोकळा होतो. आमच्याकडे मध्ये कंपनी नव्हती. निरोप अडकला तर तो कोणाच्या तरी घरी अडकलेला असायचा, आणि त्या घरात एक बाई असायची. पुण्याच्या फळ्यावर किंवा नाशिकच्या त्या ऑफिसात हे कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नव्हतं.

डब्या लागल्या. उन्हाळ्यात पुन्हा आमचूर झाला, जीपवाले परत आले, थोडेफार पैसे यायला लागले. मैत्रीण काम करत होती, पण बैठकीत बोलायचं तिने सोडलं. मी बोलायचे, आणि ते वाक्य टाळायचे.

पुढच्या दिवाळीनंतर ठिपके पुन्हा विझायला लागले. आम्ही तयारी ठेवली होती. सगळ्यांना सांगितलं होतं की हिवाळ्यात निरोप चालणार नाहीत, महत्त्वाचं काम असेल तर माणूसच पाठवा. एका सकाळी बघितलं तर सगळी सोंड करडी आणि मध्ये वहिनींचा ठिपका हिरवा. मला वाटलं, काढायची राहिली. दुसऱ्या दिवशीही हिरवा. मी मैत्रिणीला फोन केला.

"ती गेली नाही," मैत्रीण म्हणाली. "नवरा मोठ्या मुलीला घेऊन गेला. ही धाकटीला घेऊन थांबली आहे."

आम्ही दोघी गेलो. वहिनी अंगणात तूर बडवत होत्या. घरात धान्य होतं, पण नवऱ्याच्या जोडीने कोयता धरायला वहिनी नसल्यामुळे मोठ्या मुलीला शाळेतून काढून नेलं होतं, हे तिथे गेल्यावर कळलं. मैत्रिणीने खूप समजावलं. एकट्या डबीचा काही उपयोग नाही, ती मोलगीशी जोडलेली असली तरी पलीकडच्या सगळ्या डब्या, म्हातारीचीसुद्धा, या वेळी आत ठेवलेल्या आहेत, तिकडून बोलणारं कोणी नाही. वहिनींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. मैत्रिणीने त्याचा अर्थ मला सांगितला तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

"ती म्हणते, कोणाची आई बोलली तर?"

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी तो एक ठिपका बघायचे. त्यातून एकही निरोप आला-गेला नाही. मी मैत्रिणीला म्हटलं की आपण वहिनींना पगार देऊ, डबी सांभाळायचा. पैसे कुठून आणायचे ते बघू, पण त्यांची मुलगी तरी शाळेत राहील.

"पगार दिलास तर ती जन्मभर तिथे बसेल," मैत्रीण म्हणाली. "आणि पगार थांबला तरी बसेल."

होळीला माणसं परतली. डब्या काढून सगळं बंद करायचं मैत्रिणीने ठरवलं होतं, मी फक्त हो म्हटलं. त्याच सुमारास टॉवर येणार असल्याची बातमी आली. खालच्या वळणावर लोखंड आणि सिमेंट येऊन पडलं होतं. पाड्यापाड्यांवर जाऊन आम्ही सांगितलं की आता टॉवर येतो आहे, आमच्या डबीची गरज नाही. लोकांना आनंद झाला. व्हायलाच हवा होता. कोणीतरी विचारलं की मग तुम्ही काय करणार, आणि मैत्रीण म्हणाली की मोबाइल दुरुस्त करीन.

बाकीच्या डब्या लोकांनी लगेच काढून दिल्या. वहिनींनी आधी परत एकदा विचारलं, टॉवर नक्की येणार का? नक्की, मैत्रीण म्हणाली. हिवाळ्यात पण चालेल का? चालेल. कोणी घरी नसलं तरी? नसलं तरी. मग त्या स्वतः शिडी लावून चढल्या, डबी खाली आणली, पदराने पुसली आणि मैत्रिणीच्या हातात दिली. डब्या पोत्यात भरून आम्ही जीपने खाली आणल्या. आमच्या केळीच्या शेडमध्ये त्या अजून आहेत. वडिलांनी त्यावर ताडपत्री घातली आहे.

टॉवर व्हायला अजून बराच काळ गेला, पण झाला. मी आता घरूनच दुसऱ्या एका कंपनीचं काम करते. मैत्रीण मोलगीत राहिली नाही. विसरवाडीला हायवेच्या फाट्यावर तिने छोटा गाळा घेतला आहे. ट्रकवाले, बसचे प्रवासी, कोणाचा फोन बंद पडतो, कोणाचं चार्जर. काम भरपूर असतं. मी महिन्या-दोन महिन्यांनी बसने तिच्याकडे जाते आणि आम्ही वडापाव खातो.

मागच्या दिवाळीनंतर मी तिथे होते तेव्हा एक ट्रक चहासाठी थांबला. मागून माणसं उतरली, पाय मोकळे करायला लागली. त्यात वहिनी होत्या, नवरा होता आणि या वेळी दोन्ही मुली. वहिनी सरळ गाळ्याकडे आल्या. गाळा कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. मला बघून हसल्या. हातात नवा फोन होता, त्यात मैत्रिणीचा नंबर घालून घेतला आणि समोर उभं राहूनच एकदा लावून बघितला. गाळ्यात फोन वाजला तेव्हा दोघी हसल्या.

मग वहिनी काहीतरी म्हणाल्या. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं आणि खणातून स्वतःचा जुना फोन काढला.

आईचे ते सगळे निरोप तिने अजून ऐकलेले नाहीत, हे मला तेव्हा कळलं. शेवटचा ऐकला होता, बाकीचे ती अधूनमधून एखादा लावते. संपू नयेत म्हणून सावकाश. वहिनी या रस्त्याने गेल्या-आल्या की त्यांच्यासोबत एक.

तिने फोन काउंटरवर ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. तरी हायवेमुळे नीट ऐकू येईना, म्हणून दोघी वाकून कान जवळ नेऊन उभ्या राहिल्या. आवाज ठणठणीत होता, दुखण्याच्या आधीचा. मध्ये कुठेतरी वहिनींना हसू आलं, त्यांनी तोंडावर पदर धरला. मैत्रीण हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. संपल्यावर थोडा वेळ दोघी तशाच वाकलेल्या होत्या.

ट्रकने हॉर्न दिला. वहिनींनी मैत्रिणीच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. नवऱ्याने त्यांना हात देऊन वर ओढलं, धाकटीला कोणीतरी उचलून दिलं, आणि ट्रक नवापूरच्या दिशेने निघाला. मैत्रिणीने फोन खणात ठेवला, डोळ्याला भिंग लावलं आणि उघडून ठेवलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर वाकली.

"काय म्हणाली आई?" मी विचारलं.

"कोंबडी अंड्यांवर बसली आहे, म्हणाली. कोणाला जवळ येऊ देत नाही." तिने भिंगातून वर बघितलं नाही. "तुझी बस गेली असेल. पुढची चार वाजता आहे. बस, चहा सांगते."